वांगं, दोडका, पडवळ

गुरुजी गेले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवत होतो.

त्यांच्याविषयी काही लिहावं म्हणून मी अनेकदा बसलो. दर वेळी हे वाक्य आधी येतं आणि मग हात थांबतो. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर उभा होतो. त्यांची पाठ मला दिसत होती. इतका गलका चालला असताना हा माणूस किती ताठ बसला आहे, असं मला वाटलं, आणि मी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला आजही लाज वाटते.

काशीतली मुक्की ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहायला हवेत. होळीनंतर मोकळ्या मैदानात दोन मोहल्ल्यांचे जवान समोरासमोर येत आणि उघड्या मुठींनी लढत. हाताला काही बांधायचं नाही, नखं कापलेली हवीत, लाथ नाही, मिठी नाही. जो खाली पडेल आणि पंचाने दहा म्हणेपर्यंत उठणार नाही तो हरला. कोतवालीतून परवानगी काढावी लागे. कधीकधी एखादा गोरा साहेब खुर्ची टाकून बघायला बसे आणि नाकाला रुमाल लावून लवकर उठून जाई. दूधविनायकापासून बालाजी घाटापर्यंतच्या आमच्या मराठी वस्तीला हा प्रकार आपला वाटत नसे. आमच्यातले लोक वेद म्हणत, यजमानांची श्राद्धं चालवत, फार तर शाळेत शिकवत. मारामारी गल्लीबाहेरच्यांनी करायची, आम्ही ती गच्चीवरून बघायची.

अशा वस्तीतले गुरुजी घनपाठी होते, म्हणजे वेदपठणाच्या सगळ्यात अवघड रीतीत तयार झालेले. पाठात कुठे शंका आली की भल्याभल्या वैदिकांना त्यांचं दार ठोठावावं लागे. आणि शहरातल्या मुक्कीत पाच फाल्गुन ज्याला कुणी पाडू शकलं नाही तो दामू, माझा मावसभाऊ, त्यांचाच शिष्य होता. दामूला वेद फारसे आले नाहीत. मुक्की मात्र अशी आली की त्याचं नाव पार रामनगरपर्यंत गेलं.

या दोन गोष्टी एका माणसात कशा बसतात, हे लोकांना कळत नसे. गुरुजींना ते कोडंच वाटत नव्हतं. "श्वास कुठे घ्यायचा ते कळलं पाहिजे. पुढे तोंड चालव नाहीतर हात चालव," असं ते म्हणत. मुक्की ते कुठे शिकले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. तरुणपणी त्यांनी एका पहिलवानाच्या आखाड्यात पाणी भरलं होतं असं कुणी म्हणे, कुणी म्हणे ते नुसते झाडावर बसून बघत. त्यांनी स्वतः माणसावर मूठ उगारल्याचं मात्र कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांच्या अंगणात कडुलिंबाला भुशाचं पोतं टांगलेलं होतं. ते त्याला नमस्कार करून मग ठोसा दाखवत आणि दाखवून झाला की हात लावून त्याला शांत करत, जसं एखादं वासरू शांत करावं.

दिसायला ते अगदी किरकोळ होते. मनगटं बायकांसारखी. अंगावर एक पंचा, दुसरा खांद्यावर. बोलण्यात तुसडेपणा. ज्याचं चुकेल त्याला ते "शास्त्रीबुवा" म्हणत. "या शास्त्रीबुवा, आज काय खाऊन आलात?" एवढं ऐकलं की मुलं पुढचा शब्द विसरत. मी त्यांच्याकडे घनापर्यंत शिकलो आणि मग वडिलांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. ते कळल्यावर गुरुजी फक्त एवढंच म्हणाले, "बरं झालं. तुझा आवाज बरा आहे, पण तो तुझ्या ताब्यात नाही." मला त्या वेळी ते मत्सराचं बोलणं वाटलं.

अनध्यायाच्या दिवशी वेद शिकवत नाहीत. प्रतिपदेला, अष्टमीला, अवेळी आभाळ गडगडलं तर. गुरुजींनी हा नियम मुठीलाही लावला होता. एका वर्षी मुक्कीला चार दिवस उरले होते आणि अष्टमी आली. दामू पोत्याजवळ जाऊन उभा राहिला.

"गुरुजी, आजचा दिवस तरी करू द्या."

"का? ऋषींपेक्षा तू घाईत आहेस?"

"समोरचा रोज करतोय, गुरुजी. अलईपुराचा आहे तो."

"मग त्याचा हात दुखेल. तुझा दुखणार नाही. जा, घाटावर जाऊन तुझ्या आजोबांना पाणी आणून दे."

दामू धुसफुसत गेला. चार दिवसांनी त्याने त्या अलईपुरवाल्याला इतक्या लवकर पाडलं की पंचाचा विडाही चावून झाला नव्हता.

आता त्यांची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. घनपाठात शब्द सरळ म्हणत नाहीत. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, मग उलट तिसरा-दुसरा-पहिला, आणि पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा, असे ते पुढेमागे फिरवतात. एकही अक्षर हरवू नये म्हणून जुन्या लोकांनी घातलेली ही वीण. गुरुजींनी ठोसे असेच विणले. पहिला डाव्या हाताचा तोंडावर, दुसरा उजव्याचा, तिसरा खालून बरगडीत. दामूच्या अंगात ही ये-जा इतकी मुरली होती की समोरच्याला त्याचा हात कधी सुटला आणि कधी परतला हे समजत नसे.

पण मुक्कीसाठी मंत्राचे शब्द वापरायचे म्हणजे पाप. आकडे वापरावेत तर मराठीतले आणि हिंदीतले जवळजवळ सारखेच, समोरचा ओळखणार. तेव्हा गुरुजींनी भाज्या घेतल्या. डावा म्हणजे वांगं, उजवा म्हणजे दोडका, बरगडीतला म्हणजे पडवळ. दामू लढायला उतरला की ते रिंगणाकडे पाठ करून पाटावर बसत, हात गुडघ्यांवर ठेवत आणि खणखणीत आवाजात, स्वर लावून सुरू करत: "वांगं दोडका, दोडका वांगं, वांगं दोडका पडवळ, पडवळ दोडका वांगं..."

पाठ का करून बसता, असं मी एकदा विचारलं होतं.

"बघत बसलं की डोळा एकाच हाताच्या मागे जातो," ते म्हणाले. "ऐकलं की चारही पाय कळतात."

काशीच्या लोकांना हे अर्थातच मंत्र वाटले. "ई मरहट्टा पंडित मंतर पढ़त हौ!" अशी ओरड झाली, आणि दामू तिसऱ्यांदा जिंकला त्या वर्षी प्रकरण पंडितांच्या सभेपर्यंत गेलं. वेदमंत्रांचा मुक्कीसाठी उपयोग केल्याबद्दल गुरुजींना जाब विचारायला बोलावलं. मी आणि दामू दाराशी उभे होतो. आत गादीवर दहा-बारा म्हातारे, त्यांत आमचे दोन मराठी शास्त्री, बाकीचे इकडचे.

"जे मैदानात म्हणता ते इथे म्हणा," अध्यक्ष म्हणाले.

गुरुजींनी डोळे मिटले आणि भाजीचा घन सुरू केला, एकेक स्वर जागच्या जागी. इकडचे पंडित गंभीरपणे मान हलवू लागले. एकाने शाखा कोणती म्हणून हळूच शेजाऱ्याला विचारलं. आमच्या दोन शास्त्र्यांपैकी एकाने तोंडाला उपरणं लावलं, दुसऱ्याचे खांदे हलू लागले, आणि शेवटी त्याला ठसकाच लागला. अर्थ सांगितल्यावर अध्यक्ष पुढे सरकून बसले.

"म्हणजे यात देवता कोणती?" त्यांनी विचारलं.

"भूक," गुरुजी म्हणाले आणि नमस्कार करून उठले.

मैदानात भाज्यांचा घन म्हणणं तसं विचित्र वाटे खरं, पण त्यात एक गंमत होती. पाठशाळेत गुरुजी कुणालाही घन मध्येच सोडू देत नसत. खोकला आला तरी पूर्ण करायचा, आग लागली तरी पूर्ण करायचा. आम्हाला तेच वळण लागलं होतं. अर्धा सोडलेला पाठ म्हणजे अंगावर शहारा. मैदानात मात्र ते स्वतः तो मधेच तोडत. कधी दोडक्यावर, कधी पडवळावर, कधी पहिल्याच वांग्यावर. एकदम गप्प. त्या वेळी दामू मोकळा असे. त्याला जे सुचेल ते तो करी, आणि बहुतेक कुस्त्या, म्हणजे मुक्क्या, त्या गप्प क्षणीच जिंकल्या गेल्या.

त्या दिवशीही असंच झालं. पाचव्या वर्षाची शेवटची जोड. समोर सोनारपुऱ्याकडचा एक दांडगा गडी होता. दामूचं नाक फुटलं होतं, ओठ सुजला होता. गुरुजींचा आवाज मात्र पाटावर बसून भाजी निवडणाऱ्या माणसासारखा. "वांगं दोडका, दोडका..." आणि ते थांबले. दामूने खांदा खाली टाकला आणि असा काही लढला की तसं मी ना आधी पाहिलं ना नंतर. थांबणं बरंच लांबलं. मला वाटलं, गुरुजींनी आज त्याला पूर्ण सोडून दिलं. तो गडी पडला. पंचाने दहा म्हटले. आम्ही टाळ्या वाजवल्या. दामू रक्ताळलेल्या तोंडाने हसत आला, त्यांच्यापुढे वाकला आणि पायांना हात लावला.

तो तसाच वाकलेला राहिला. मग त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे गार का आहेत?" तो म्हणाला.

मला वाटलं तो स्वतःच्या हातांविषयी बोलतोय.

पुढचं मला सलग आठवत नाही. कुणीतरी वैद्याला बोलवा म्हणालं. कुणीतरी गंगाजल आणलं. ढोल वाजवणाऱ्यांना कळायला वेळ लागला आणि त्यांचे ढोल वाजतच राहिले. गुरुजींचे डोळे अर्धे मिटलेले होते, ओठ किंचित उघडे, पुढचा शब्द यायचा असल्यासारखे. दामू त्यांना उचलू देईना. "थांबा, ते गप्प आहेत. ते मुद्दाम गप्प आहेत," असं तो सगळ्यांना समजावून सांगत होता, अगदी शांतपणे, आणि त्याच्या नाकातून रक्त गळत होतं.

गुरूचं सुतक तीन दिवस. चौथ्या दिवशी दामू पोत्यापुढे उभा राहिला, दोन ठोसे मारले आणि मागे वळून पाहिलं. पुन्हा दोन मारले, पुन्हा वळला. पाच वर्षांत त्याची मान एकदाही मागे वळली नव्हती. काही आठवडे हेच चाललं. शेवटी तो माझ्याकडे आला.

"तुला घन येतो."

"येत होता."

"मागे बसून म्हण. भाज्याच म्हणायच्या."

"दामू, मी गुरुजी आहे का?"

"कुणी म्हटलं तू गुरुजी आहेस? आवाज पाहिजे फक्त. आणि एक ऐक. थांबायचं नाही. काही झालं तरी मधे गप्प बसायचं नाही."

त्याचा चेहरा पाहून मी का म्हणून विचारलं नाही. त्याच्या दृष्टीने गप्प होणं म्हणजे काय झालं होतं, ते मला दिसत होतं. मी हो म्हणालो. वर्षभर शाळा सुटली की मी त्या अंगणात जाऊन बसे. खरं सांगायचं तर मला ते आवडू लागलं होतं. लोक गल्लीत मला वाट देत. "का गुरू, भाजी का भाव?" असं पानवाला विचारी आणि मी मानेने उत्तर देई.

फाल्गुन आला. दामूची जोड राजघाटाकडच्या एका नावाड्याशी लागली. पोरगा वीसएक वर्षांचा, नाव वल्हवून खांदे नुसते दगड झालेले. त्याचा चुलता माझ्या शेजारी येऊन उकिडवा बसला. मी रिंगणाकडे पाठ केली, गुडघ्यांवर हात ठेवले आणि सुरू केलं. एकदाही थांबलो नाही. प्रत्येक घन पूर्ण केला, शेवटच्या पडवळापर्यंत, जसा लहानपणी शिकलो होतो तसा. मला मनातून बरंही वाटत होतं, की गुरुजी असते तर म्हणाले असते, आज कुठे अक्षर गळलं नाही.

तो चुलता बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होता. जप करतोय असं मला वाटलं.

तो माझे शब्द मोजत होता. अर्थ त्याला कळत नव्हता आणि कळायची गरजही नव्हती. तेरा शब्दांनंतर पुन्हा तेरा, आणि सातव्या शब्दाला दामूचा उजवा हात खाली जातो. अर्ध्या तासात त्याने ते ओळखलं आणि पुढच्या घनात सहाव्या शब्दाला पुतण्याला ठरलेली शीळ घातली. मी "वांगं दोडका पडवळ" म्हटलं, दामूचा हात बरगडीकडे गेला, आणि त्याची उघडी पडलेली हनुवटी त्या पोराच्या मुठीला आयती मिळाली. मला आवाज ऐकू आला. ओलं लाकूड मोडावं तसा. तरीही, हे लिहिताना हात जड होतो, तरीही मी घन पूर्ण केला. "पडवळ दोडका वांगं, वांगं दोडका पडवळ." मग वळलो.

दामूचा जबडा मोडला होता. महिनाभर तो पेजेवर होता. शिंदे घाटावर त्यांच्या घराण्याची ग्वाल्हेरकडच्या यात्रेकरूंची उपाध्येपणाची गादी होती. तिच्यावर तो आता बसू लागला. ज्या हातांनी त्याने पाच वर्षं माणसं पाडली त्या हातांनी तो लोकांच्या आजोबा-पणजोबांचे पिंड वळायचा. पुन्हा लढणार का, असं कुणी विचारलं तर म्हणे, "नाही. माझे गेले." इतकंच. मी त्याच्यासमोर जायचं टाळत होतो.

शेवटी, वर्ष सरत आलं तेव्हा, मी गुरुजींच्या घरी गेलो. काकू, म्हणजे त्यांची पत्नी, एकट्याच राहत होत्या. ओसरीवर बसून त्या डाळीतले खडे वेचत होत्या. मी त्यांना झालेलं सगळं सांगितलं आणि विचारलं, "गुरुजी नेमकं कुठे थांबायचं हे कसं ठरवायचे? त्यांना काय ऐकू यायचं, काकू?"

काकूंचा हात थांबला.

"त्यांना कसलं ऐकू येतंय," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली होती. मी मागून हाक मारली तर वळायचे नाहीत. पाठीवर हात ठेवला की कळायचं."

मला वाटलं त्या म्हातारपणाने काहीतरी बोलत आहेत. मी म्हटलं, "पण पाठशाळेत? मुलांचे पाठ?"

"गळ्यावर बोटं ठेवून."

दामूचा सराव बघायला मी जाई तेव्हाचं ते सगळं मला दिसलं. शेवटची दोन वर्षं गुरुजी मुलाला अगदी समोर बसवत, त्याच्या गळ्यावर दोन बोटं टेकवत आणि डोळे त्याच्या ओठांवर. तो त्यांचा नवा विक्षिप्तपणा म्हणून आम्ही त्याची नक्कल करून हसलो होतो.

"कुणाला सांगू नकोस, बाळ," काकू म्हणाल्या. "त्यांच्या हाताखालून त्या दोन वर्षांत सहा मुलं तयार होऊन गेली. उद्या कुणी म्हणेल, बहिऱ्याने तपासलेला पाठ. मग त्या मुलांना कोण यज्ञाला बसवील? त्यांचं नाव जाईल ते जाईल, त्या पोरांचं काय?"

मी त्यांना शब्द दिला.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. गुरुजींना ऐकू येत नव्हतं, म्हणजे शेवटच्या दोन फाल्गुनांत दामू एकटाच लढला होता. ते थांबत ते आपल्या मनाने, वाटेल तिथे. जिंकला तो दामू. हे एक वाक्य त्याला सांगितलं तर तो पुन्हा उभा राहील. सांगितलं नाही तर तो आयुष्यभर त्या गादीवर बसून स्वतःला अर्धा समजत राहील. तीन दिवस मी त्या शब्दाची आणि या वाक्याची तोलमोल केली. चौथ्या दिवशी दुपारी शिंदे घाटावर गेलो.

दामू छत्रीखाली दर्भ निवडत होता. पलीकडे यात्रेकरूंची बायका-मुलं ओले कपडे पिळत होती.

"दामू," मी म्हटलं, "गुरुजींना ऐकू येत नव्हतं. दोन वर्षं."

त्याने दर्भाची काडी खाली ठेवली.

"हळू बोल," तो म्हणाला. "त्या बाजूला पाठशाळेतलं एक पोरगं बसलंय."

मला क्षणभर कळलंच नाही.

"तुला माहीत होतं?"

"पोत्याचा दोर तुटला होता एकदा. त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर धाडकन पडलं. कडुलिंबावरचे कावळे उडाले. ते वळले नाहीत."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या पोटात राहिलं असतं? आत्ताच बघ. काकूंना शब्द दिला असशील ना?"

माझे कान तापले होते.

"दामू, त्यांना काही कळतच नव्हतं, तर त्या आवाजाचा तुला उपयोग काय होता?"

तो पाण्याकडे वळला. जबडा बसल्यापासून त्याचे शब्द थोडे चिकटून येत.

"तो हलत नव्हता," तो म्हणाला. "लेका, माझं नाक फुटायचं, लोक बोंबलायचे, आणि मागे दोडका वांगं, वांगं दोडका, तसंच. मला वाटायचं, काही फार झालेलं नाही. त्यांना कळत नव्हतं म्हणून तो हलत नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी वाटायचं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुझा आवाज पहिल्या रक्तालाच चढला. तू पाठ करून बसला होतास, पण लोक ओरडले आणि तू चढलास. तेव्हा मला कळलं की मला लागलंय."

"पण तो चुलता... मी घन पूर्ण केला म्हणून तर..."

"मोजत होता तो. खरंय. मोजणारे आधीही आलेत. मी त्यांना पाडलंय."

वर्षभर मी ज्या चुकीसाठी स्वतःला खात होतो ती चूक बाजूला ठेवली गेली आणि तिच्या जागी ही दुसरी आली, जिच्यावर माझा काही इलाजच नव्हता. गुरुजींनी ती मी लहान असतानाच ओळखली होती. मी पायरीवर बसलो. काही वेळाने काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पुढच्या वेळी मी कानात कापूस घालून बसतो."

दामू हसला. गुरुजी गेल्यापासून पहिल्यांदा. हसताना त्याला दुखलं आणि त्याने गालाला हात लावला.

"शास्त्रीबुवा, कापूस घातलात तरी तुमची पाठ थरथरेल." मग त्याने दर्भाची जुडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "पुढची वेळ म्हणालास ना आत्ता?"

"तोंडातून गेलं."

"गेलं ते गेलं. आता कुणी मागे बसायचं नाही. तू समोर उभं राहायचं, मला दिसशील असं. काही म्हणायचं नाही. शब्दही नाही."

"समोर? मला ते बघवत नाही, दामू."

"मलाही गप्प राहिलेलं सहन होत नाही. आपण दोघंही करू."

त्या फाल्गुनात तो उतरला. समोर चौखंब्याकडचा एक साधारण गडी होता, आधीच्या दामूने त्याला खेळवत पाडलं असतं. मैदानात कुणीही भाज्या म्हणत नव्हतं, आणि ते लोकांनाही चुकल्यासारखं वाटलं. "मंतर कहाँ गइल, पंडित?" एकजण ओरडला. सुरुवातीलाच दामूने मान मागे वळवली आणि कानशिलात खाल्ली. पुन्हा वळवली, पुन्हा खाल्ली. मी समोर उभा होतो. त्याची भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, आणि त्या लाल डोळ्याने त्याने मला शोधलं. मी ओठ घट्ट मिटून त्याच्याकडे पाहत राहिलो. माझा चेहरा कसा दिसत होता ते मला माहीत नाही. त्यानंतर त्याची मान मागे गेली नाही.

तो जिंकला नाही. अंधार पडेपर्यंत दोघेही उभे राहिले आणि पंचाने दोघांचे हात वर केले. पुढे तो सहा वर्षं लढला, काही वेळा जिंकला, काही वेळा पडला. आता तो पूर्वीचा राहिला नाही, असं लोक म्हणत, आणि ते खरंच होतं.

त्या दिवशी मैदानातून परतताना आम्ही दोघंच चालत होतो. भुवईवर त्याने फडकं धरलं होतं. ठठेरी बाजाराच्या तोंडाशी आल्यावर तो म्हणाला, "काय रे, कसा लढलो?"

मला खूप सांगायचं होतं. पण तोंड उघडेना. सबंध वेळ दात असे आवळून धरले होते की जबडा आखडून बसला होता. मी नुसता त्याच्याकडे पाहत उभा राहिलो. त्याच्या ते लक्षात आलं. त्याने आपला सुजलेला हात माझ्या हनुवटीखाली धरला, वैद्य धरतो तसा, आणि म्हणाला, "राहू दे. उद्या सांग."